कोणत्या अधिकाराने? इंग्लंडच्या राजावरचा खटला, जानेवारी १६४९

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्यावर २० जानेवारी १६४९ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला सुरू झाला. ३० जानेवारीला त्याचा शिरच्छेद झाला. इंग्लंडमध्ये राजे याआधीही गेले होते. दुसरा एडवर्ड आणि दुसरा रिचर्ड यांना गादीवरून उतरवण्यात आलं आणि दोघेही कैदेतच संपले. चार्ल्सची आजी मेरी हिच्यावर १५८६ मध्ये इंग्लंडमध्येच खटला चालला होता, पण ती स्कॉटलंडची राणी होती, तिची गादी कधीच गेली होती आणि खटला भरणारी दुसरी एक राणीच होती. गादीवर असलेल्या राजाला, तो राजा असतानाच, त्याच्याच प्रजेच्या नावाने भर न्यायालयात आरोपी म्हणून उभं करणं हे पहिल्यांदाच घडत होतं.

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण दोनपैकी एक बाजू धरतात. काहींना तो जुलमी राजाचा न्याय्य अंत वाटतो, काहींना लष्कराने कायद्याचा बुरखा घालून केलेला खून. माझं म्हणणं असं की राजा दोषी होता आणि न्यायालय बेकायदा होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. त्या एकत्र धरल्या तरच कळतं की युद्ध जिंकलेली, विरोधकच उरला नाही अशी सत्ता अकरा वर्षांत का कोसळली.

राजाची बाजू कशी पोकळ झाली

चार्ल्स १६२५ मध्ये गादीवर आला. १६२९ ते १६४० ही अकरा वर्षं त्याने पार्लमेंट बोलावलंच नाही. पार्लमेंटच्या संमतीशिवाय नवा कर बसवता येत नाही, ही तिथली जुनी रीत. म्हणून त्याने जुन्या अधिकारांच्या फटी शोधल्या. युद्धाच्या वेळी किनाऱ्यावरच्या बंदरांकडून जहाजांसाठी पैसा घ्यायचा हक्क राजाला होता. तो पैसा त्याने शांततेच्या काळात, आतल्या जिल्ह्यांकडूनही, वर्षानुवर्षं वसूल केला. न्यायाधीशांनी निकाल त्याच्या बाजूने दिला, तोही निसटत्या बहुमताने. कायदा राजाच्या बाजूने राहिला, पण लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडायला लागला.

मग १६३७ मध्ये, तोच राजा असलेल्या स्कॉटलंडवर त्याने नवी प्रार्थनापुस्तिका लादली, तिथे उठाव झाला, आणि त्या युद्धाच्या पैशासाठी १६४० मध्ये पार्लमेंट बोलावणं भाग पडलं. ४ जानेवारी १६४२ रोजी तो सशस्त्र माणसं घेऊन पार्लमेंटच्या कॉमन्स या निवडून आलेल्या सभागृहात स्वतः शिरला. पाच सदस्यांना त्याला पकडायचं होतं. ते आधीच निसटले होते. ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला राजाचा झेंडा उभा राहिला आणि यादवी सुरू झाली.

लढायांच्या तपशिलात जात नाही. १४ जून १६४५ रोजी नेझबी इथे राजाच्या सैन्याचा कणा मोडला, आणि त्याच लढाईत त्याची खासगी पत्रांची पेटी विजेत्यांच्या हाती लागली. पार्लमेंटने ती पत्रं छापून टाकली. एका तोंडाने पार्लमेंटशी तहाची भाषा बोलणारा राजा दुसरीकडे आयर्लंडमधून आणि युरोपातून फौजा आणायचा खटाटोप करत होता, हे सगळ्या देशाने वाचलं. राजाचा शब्द हीच राजसत्तेची पत असते. रणांगणावरच्या पराभवापेक्षाही ती पत जाणं त्याला महागात पडलं, असं मला वाटतं.

खरी ताकद कोणाकडे

युद्ध पार्लमेंटने जिंकलं असं आपण म्हणतो. ते जिंकलं त्याने उभारलेल्या नव्या सैन्याने. या सैन्यात पदं घराण्यापेक्षा कर्तृत्वावर मिळण्याची वाट मोकळी झाली होती, आणि सैनिक धर्मावर तसेच राज्यकारभारावर वाद घालत. पगार थकलेला होता. १६४७ मध्ये पार्लमेंटने थकबाकी न चुकवताच सैन्य मोडायचं ठरवलं, तेव्हा सैनिकांनी आपले प्रतिनिधी निवडले आणि आदेश झुगारला.

जून १६४७ मधला एक प्रसंग पुढच्या सगळ्या गोष्टींची किल्ली आहे. राजा तेव्हा नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या होल्डनबी इथल्या वाड्यात पार्लमेंटच्या ताब्यात होता. जॉइस नावाचा अगदी कनिष्ठ अधिकारी पाचेकशे घोडेस्वार घेऊन तिथे पोचला आणि राजाला आपल्यासोबत चला म्हणाला. सकाळी अंगणात राजाने विचारलं, तुझ्याकडे कोणाचं अधिकारपत्र आहे? जॉइस आधी इकडचं तिकडचं बोलला, आणि मग मागे रांगेत उभ्या असलेल्या घोडेस्वारांकडे हात करून म्हणाला, हे माझं अधिकारपत्र. राजा हसला. म्हणाला, इतकं सुवाच्य अधिकारपत्र मी आयुष्यात पाहिलेलं नाही. आणि तो निघाला.

त्याच शरद ऋतूत लंडनजवळ पटनीच्या चर्चमध्ये सैन्याचे अधिकारी आणि सैनिकांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले आणि मताधिकार कोणाला असावा यावर वाद झाला. कर्नल रेन्सबरोने सांगितलं की इंग्लंडमधल्या सर्वांत गरीब माणसालाही सर्वांत मोठ्या माणसाइतकंच आयुष्य जगायचं असतं, म्हणून ज्याने स्वतः संमती दिलेली नाही अशा सरकारला तो बांधील नाही. अधिकाऱ्यांच्या बाजूने आयर्टनने उत्तर दिलं, ज्याची देशात कायमची मालमत्ता आहे त्यालाच मत. हा वाद मिटला नाही. ‘जनता’ म्हणजे नेमकं कोण, हे ठरायच्या आतच राजा हॅम्प्टन कोर्टहून पळाला आणि चर्चा गुंडाळली गेली. ही अनिर्णित बाब पुढे फार महागात पडणार होती.

पळालेला चार्ल्स वाइट बेटावरच्या कॅरिसब्रुक किल्ल्यात अडकला. तिथून त्याने २६ डिसेंबर १६४७ रोजी स्कॉट्सशी गुप्त करार केला. १६४८ मध्ये दुसरं युद्ध पेटलं, आणि ऑगस्टमध्ये पार्लमेंटच्या सैन्याचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याने प्रेस्टनला ते संपवलं. पहिल्या युद्धात राजाविरुद्ध लढलेले पुष्कळ लोक त्याला फसव्या सल्लागारांच्या नादी लागलेला राजा समजत होते. दुसऱ्या युद्धानंतर सैन्याची तशी समजूत उरली नाही. हरूनही, ईश्वराचा कौल समोर दिसत असूनही, त्याने पुन्हा रक्त सांडलं होतं. अधिकारी विंडसरला जमून प्रार्थना करत होते तेव्हाच त्यांच्या तोंडी बायबलमधला ‘रक्ताचा माणूस’ हा शब्द आला होता. जमिनीवर सांडलेलं निरपराधांचं रक्त ते सांडणाऱ्याच्या रक्तानेच धुतलं जातं, अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती. खटल्यामागची ही धार्मिक निकड बाजूला ठेवून निव्वळ सत्तेचं गणित मांडलं तर ही माणसं समजणार नाहीत.

६ डिसेंबरचा जिना

पार्लमेंट मात्र अजूनही राजाशी बोलणी करत होतं. ५ डिसेंबर १६४८ रोजी कॉमन्सने १२९ विरुद्ध ८३ मतांनी ठरवलं की राजाची उत्तरं तडजोडीचा पाया म्हणून चालतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाकडे जाणाऱ्या जिन्यावर कर्नल थॉमस प्राइड यादी घेऊन उभा होता. शेजारी ग्रोबीचा लॉर्ड ग्रे हा येणाऱ्या सदस्यांची ओळख पटवून देत होता. कोणाला आत सोडायचं, कोणाला परत पाठवायचं, कोणाला अटक करायची हे तिथल्या तिथे ठरत होतं. चाळीसहून अधिक सदस्य पकडले गेले, शेकड्याहून जास्त सदस्यांना सभागृह बंद झालं, आणि कित्येक स्वतःच फिरकेनासे झाले. पकडलेल्यांनी विचारलं, हे कोणत्या अधिकाराने? सैन्याचा धर्मोपदेशक ह्यू पीटर याने सरळ सांगितलं, तलवारीच्या.

पकडलेल्यांत विल्यम प्रिन होता. हा वकील चार्ल्सच्या राजवटीचा सर्वांत प्रसिद्ध बळी. राजाच्या न्यायालयाने १६३४ मध्ये आणि पुन्हा १६३७ मध्ये त्याचे कान कापले होते, गालांवर डाग दिले होते. राजाचा जुलूम काय असतो हे त्याच्याइतकं त्या सभागृहात कोणालाच ठाऊक नसेल. तोही दोनच दिवसांपूर्वी बोलणी चालू ठेवण्याच्या बाजूने बोलला होता, आणि सैनिकांनी त्याला जिन्यावरून ओढत नेलं. या खटल्याचं समर्थन करणाऱ्याने प्रिनपाशी थांबायला हवं. तो राजाचा हस्तक नव्हता. जिन्यावर जे चाललं होतं ते १६४२ मध्ये चार्ल्सला करायचं होतं तेच, एवढंच त्याला दिसत होतं. चार्ल्स पाच जणांसाठी आला होता आणि हात हलवत परत गेला. प्राइडचं काम फत्ते झालं.

उरलेल्या सभागृहात बहुतेक वेळा पन्नासेक जण हजर असत. राजावर खटला भरायचा त्यांचा ठराव सरदारांच्या लॉर्ड्स सभागृहाने फेटाळला. तेव्हा ४ जानेवारीला कॉमन्सने जाहीर केलं की ईश्वराखालोखाल जनता हाच सर्व न्याय्य सत्तेचा उगम आहे, जनतेने निवडलेल्या कॉमन्सकडे देशातली सर्वोच्च सत्ता आहे, आणि ते जे करतील तो राजा आणि लॉर्ड्स यांच्या संमतीशिवायही कायदा आहे. इतका स्पष्ट लोकसार्वभौमत्वाचा ठराव युरोपात त्याआधी क्वचितच कोणी केला असेल. तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. आणि तो करणारं सभागृह चारच आठवड्यांपूर्वी बंदुकीच्या जोरावर चाळलेलं होतं.

चार दिवसांची सुनावणी

न्यायमंडळावर १३५ जणांची नेमणूक झाली. हजर राहणाऱ्यांची संख्या त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळत राहिली. देशातल्या वरिष्ठ न्यायाधीशांनी भाग घ्यायला नकार दिला, म्हणून चेस्टरचा न्यायाधीश जॉन ब्रॅडशॉ याला अध्यक्ष केलं. हल्ल्याच्या भीतीने त्याने आतून पोलादी पट्ट्या लावलेली टोपी घातली होती. सरसेनापती फेअरफॅक्स पहिल्या बैठकीनंतर आलाच नाही. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा गॅलरीतून बाईचा आवाज आला की न येण्याइतकी अक्कल त्याला आहे. ती त्याची बायको होती. आरोप इंग्लंडच्या जनतेच्या नावाने आहेत असं म्हटल्यावरही ती ओरडली, निम्म्या काय, पाव जनतेच्याही नाही. पहाऱ्यावरच्या कर्नलने शिपायांना गॅलरीकडे बंदुका रोखायला सांगितलं.

चार्ल्स काळ्या पोशाखात, डोक्यावर टोपी तशीच ठेवून बसला. न्यायालयाला तो मानत नव्हता हे टोपीवरूनच दिसत होतं. सरकारी वकील जॉन कुक आरोप वाचायला लागला तसा राजाने त्याला थांबवण्यासाठी हातातल्या काठीने त्याच्या खांद्यावर टोचलं. काठीची चांदीची मूठ निखळून जमिनीवर पडली. राजा क्षणभर थांबला. आयुष्यभर त्याची पडलेली वस्तू दुसऱ्या कोणीतरी उचलली होती. कोणी हललं नाही. शेवटी त्याने स्वतःच वाकून ती उचलली.

पण त्यानंतर तो जे बोलला त्याला न्यायालयाकडे उत्तर नव्हतं. एरवी अडखळत बोलणारा हा माणूस त्या दिवशी अडखळला नाही, असं हजर असणाऱ्यांनी नोंदवलं आहे. मला इथे कोणत्या अधिकाराने आणलंय, त्याने विचारलं. कायदेशीर अधिकार म्हणतोय मी. बेकायदा अधिकार जगात पुष्कळ आहेत, वाटेवरच्या चोर-दरोडेखोरांचाही असतो. ब्रॅडशॉ म्हणाला, इंग्लंडच्या जनतेच्या नावाने, जिने तुम्हाला राजा म्हणून निवडलं. ही चूक होती, आणि चार्ल्सने ती लगेच पकडली: इंग्लंडमध्ये राजा कधी निवडला गेलेला नाही, जवळजवळ हजार वर्षं गादी वारसाने चालत आली आहे.

देशद्रोहाचा कायदा १३५१ चा होता, आणि त्यात द्रोह म्हणजे राजाविरुद्धचा द्रोह. राजाने राजाविरुद्ध द्रोह केला असं त्या कायद्याने म्हणता येत नव्हतं. म्हणून आरोपपत्राला नवा पाया घालावा लागला. राजाला कायद्यानुसार चालायची मर्यादित सत्ता सोपवलेली होती, त्याने ती अमर्याद करण्यासाठी आपल्याच लोकांवर युद्ध पुकारलं, म्हणून तो जुलमी, द्रोही आणि खुनी. मला हा पाया पटतो. सत्ता ही ठेव आहे आणि ठेव गिळणाऱ्याला जाब विचारता येतो, हे तत्त्व नसेल तर सत्तेवर अंकुश राहतच नाही.

२२ जानेवारीला चार्ल्सने मात्र न्यायालयावरच डाव उलटवला. कायद्याविना असलेली सत्ता जर कायदे करू शकत असेल, राज्याचे मूळ कायदे बदलू शकत असेल, तर इंग्लंडमध्ये कोणाला आपल्या जिवाची किंवा आपलं म्हणून जे आहे त्याची शाश्वती वाटेल, हे मला कळत नाही. हे बोलणारा राजा स्वतः अकरा वर्षं पार्लमेंटविना कर वसूल करून बसला होता. तरीही प्रश्न खरा होता. ब्रॅडशॉकडे त्याला एकच उत्तर होतं: न्यायालयाच्या अधिकाराबद्दल आरोपीने विचारायचं नसतं. चार्ल्सने गुन्हा कबूलही केला नाही, नाकारलाही नाही. तेव्हाच्या रीतीनुसार उत्तर न देणं म्हणजे कबुली. त्यामुळे ज्या पुराव्यावर राजाचा दोष खरोखर सिद्ध झाला असता, ते तेहेतीस साक्षीदार भर न्यायालयात त्याच्यासमोर उभे न राहता शेजारच्या दालनात समितीपुढे बोलले. देशाने ऐकायला हवं ते नीट ऐकलंच नाही.

२७ जानेवारीला शिक्षा सुनावताना ब्रॅडशॉने सर्वांत भक्कम युक्तिवाद केला. राजा आणि प्रजा यांच्यात करार असतो, राजाकडून संरक्षण आणि प्रजेकडून निष्ठा, एक बाजू तुटली की दुसरीही सुटते. हेच पहिल्या दिवशी बोलला असता तर त्यावर वाद तरी झाला असता. आता शिक्षा सुनावल्यावर आरोपीला बोलायची परवानगी मिळाली नाही. मृत्युदंडाच्या आज्ञेवर ५९ सह्या झाल्या.

३० जानेवारीला व्हाइटहॉलच्या बॅन्क्वेटिंग हाउससमोर शिरच्छेदाचा मंच तयार होता आणि राजाही तयार होता, थंडीने कापलो तर लोकांना भीती वाटल्याचं दिसेल म्हणून दोन सदरे घालून. पण दुपारपर्यंत काहीच होईना. कॉमन्सच्या लक्षात आलं होतं की कायद्याने एक राजा मेला की त्याच क्षणी त्याचा मुलगा राजा होतो. म्हणून नवा राजा जाहीर करण्यावर बंदी घालणारा कायदा त्यांनी त्याच दिवशी घाईने मंजूर केला. मग दोनच्या सुमारास कुऱ्हाड पडली. मंचावरून चार्ल्सने सांगितलं की लोकांचं स्वातंत्र्य आपला जीव आणि मालमत्ता सुरक्षित ठेवणाऱ्या कायद्यांत आहे, राज्यकारभारात वाटा असण्यात नाही, प्रजा आणि राजा या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटच्या क्षणीही त्याने आपलं मत मऊ केलं नाही.

न सुटलेला प्रश्न

त्याच्या नावाने निघालेलं प्रार्थना आणि चिंतनाचं पुस्तक त्या एका वर्षात पस्तीसेक आवृत्त्यांपर्यंत गेलं. खोटं बोलणारा राजा हुतात्मा झाला. मार्चमध्ये राजेपद आणि लॉर्ड्स सभागृह रद्द झालं, मे महिन्यात इंग्लंड प्रजासत्ताक म्हणून जाहीर झालं. स्कॉटलंडने ५ फेब्रुवारीलाच दुसऱ्या चार्ल्सच्या नावाची द्वाही फिरवली होती. त्यांचाही राजा त्यांना न विचारता मारला गेला होता, आणि त्यातून आणखी दोन वर्षं युद्ध चाललं.

जनतेच्या नावाने राज्य करणाऱ्या नव्या सरकारने जनतेला मत मात्र विचारलं नाही. आधी नवी घटना, मग राजाचा निकाल, असा आग्रह धरणारा जॉन लिलबर्न ऑक्टोबर १६४९ मध्ये देशद्रोहाच्या आरोपाखाली उभा राहिला. त्याच्या खटल्यात ज्यूरी होती. लंडनच्या त्या सामान्य बारा जणांनी त्याला निर्दोष सोडलं. १६५० च्या सुरुवातीला सगळ्या प्रौढ पुरुषांकडून ‘राजा आणि लॉर्ड्सविना असलेल्या’ राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायला सुरुवात झाली. संमती आधी मिळवायची ती अशी नंतर गोळा केली जात होती.

जिन्यावरच्या तलवारीला सवय लागते. २० एप्रिल १६५३ रोजी क्रॉमवेलने शिपाई आणून तेच उरलंसुरलं सभागृह रिकामं केलं. वर्षाअखेर तो लॉर्ड प्रोटेक्टर, म्हणजे राजाविना राज्याचा प्रमुख, झाला. १६५७ मध्ये त्याच्याच पार्लमेंटने त्याला राजमुकुट देऊ केला, आणि त्यामागचा वकिलांचा युक्तिवाद फार बोलका होता. राजाचे अधिकार किती आणि कुठे संपतात हे कायद्याला माहीत आहे, प्रोटेक्टरचे माहीत नाहीत. शिवाय १४९५ चा एक कायदा प्रत्यक्ष गादीवर असलेल्या राजाची सेवा करणाऱ्याला नंतरच्या सूडापासून वाचवतो, प्रोटेक्टरच्या सेवकाला तसं संरक्षण नाही. म्हणजे सत्तेवर लगाम हवा म्हणून त्यांना राजा हवा होता. क्रॉमवेलने नकार दिला. ईश्वराने जे धुळीला मिळवलं ते मी पुन्हा उभारणार नाही, असं त्याचं म्हणणं. माझ्या मते तो प्रामाणिक होता. पण त्याच्या सत्तेला त्याच्या स्वतःच्या वजनाशिवाय आधार उरला नाही. ३ सप्टेंबर १६५८ ला तो गेला आणि मुलगा रिचर्ड वर्षभरही टिकला नाही.

फेब्रुवारी १६६० मध्ये जनरल मंकने लंडनमध्ये सैन्य आणून १६४८ ला हाकललेल्या सदस्यांसाठी दारं उघडली. आत जाणाऱ्यांत कंबरेला तलवार लावलेला विल्यम प्रिनही होता. या सदस्यांनी नव्या निवडणुकांचा मार्ग मोकळा केला, आणि २९ मे रोजी दुसरा चार्ल्स लंडनमध्ये आला. त्याच्या राज्याची कायदेशीर वर्षं १६४९ पासून मोजली गेली. मधली अकरा वर्षं घडलीच नाहीत असं मानलं गेलं.

मात्र ज्या पार्लमेंटने राजाला परत बोलावलं, त्यालाही बोलावणारा राजा नव्हता. राजाज्ञेशिवाय भरलेलं सभागृह कायद्याने पार्लमेंट ठरत नाही. म्हणून आपण पार्लमेंट आहोत असा कायदा त्याला स्वतःलाच करून घ्यावा लागला, आणि १६६१ च्या पुढच्या पार्लमेंटने त्याचे महत्त्वाचे कायदे पुन्हा एकदा कायम केले.

१६८८ मध्ये पहिल्या चार्ल्सचा धाकटा मुलगा, तेव्हाचा राजा दुसरा जेम्स, पळताना केंटच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या हाती सापडला आणि लंडनला परत आणला गेला. जेम्सचा डच जावई विल्यम ऑफ ऑरेंज याच्याकडे सैन्य होतं आणि राजा हाताशी होता, म्हणजे सगळी मांडणी १६४८ सारखीच. या वेळी कोणी न्यायमंडळ नेमलं नाही. जेम्सला नदीकाठच्या अशा घरात ठेवलं की पहारा पुढून होता आणि मागचं दार उघडं. तो फ्रान्सला गेला. मग राजाज्ञेशिवायच जमलेल्या सभेने ठरवलं की राजाने कारभार सोडला आहे आणि गादी रिकामी आहे. हे पूर्ण खरं नव्हतं, पण त्यासाठी कोणाला अधिकारपत्र दाखवावं लागलं नाही. गादीसोबत हक्कांची यादी वाचून दाखवली गेली: पार्लमेंटच्या संमतीविना कर नाही, संमतीविना शांतताकाळात खडं सैन्य नाही, सभागृहातल्या बोलण्याबद्दल बाहेर जाब नाही. विल्यम आणि त्याची बायको, जेम्सची मुलगी मेरी, यांनी ती ऐकली आणि मुकुट स्वीकारला.